भिंतीला साखळी

ओहोटीला धक्क्याची भिंत उघडी पडते, हिरवी आणि निसरडी. परक्या मुलखातल्या या बंदरात लोकांना पोहायला जागा करताहेत. मी वेल्डर, सातवीत शाळा सुटलेला. तरी नकाशा काढणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "मामा, काही राहिलंय का?"

भीतभीत म्हणालो, "भिंतीला साखळी लावा. दमलेल्याला धरायला."

"अहो, शिड्या आहेत की!"

"माझा भाऊ विहिरीत बुडाला, तेव्हा त्याच्या नखांत शेवाळ होतं, मॅडम."

त्यांनी नकाशा पुढं ओढला. मग पेन्सिलीनं नकाशात साखळी काढली. माझ्यासारख्याचं ऐकलं, उपकारच म्हणायचे. काठ हाताशी असून माणसाला धरता येऊ नये, हे केवढं वाईट. गावाकडं त्या विहिरीत पोरं अजून उड्या मारतात, आणि मी इथं दुसऱ्यांच्या पोरांसाठी साखळी जोडणार आहे.