अंबरपेठेत वाजलेली ओवाळणी

समस्त आप्तेष्ट, मित्रमंडळी आणि खिसेकापू यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आपल्या पाकिटाला सक्तीची सेवानिवृत्ती दिली असून यापुढे त्याचा सर्व आर्थिक कारभार फोनवरून चालेल. निर्णय देशहिताचा होता. घरात मात्र त्याचं स्वागत झालं नाही.

"परगावी निघालात, चार नाणी तरी ठेवा खिशात," बायको म्हणाली.

"नाणी? ती आता वस्तुसंग्रहालयात मिळतात," असं म्हणून मी परभणीहून हैदराबादच्या गाडीत बसलो. निमित्त भाऊबीजेचं. माझी थोरली बहीण, शरूताई, लग्न होऊन तिकडे गेली आणि पुरती तिकडचीच झाली. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, तरी अख्खी गल्ली तिला अजून 'टीचरम्मा' म्हणते. गेली चार वर्षं मी तिला ओवाळणी फोनवरून पाठवत होतो. वक्तशीरपणे, सोबत फुलांचं चित्रही. यंदा मात्र तिचा एका ओळीचा निरोप आला : 'पैसे नको पाठवू. तू ये.'

सकाळी काचीगुड्याला उतरलो. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात इराणी चहा घेतला, बशीत दोन उस्मानिया बिस्किटं (गोड-खारट, चहात बुडवताच विरघळणारी). पैसे फोनवरून. माझं ठाम मत आहे की या फोनच्या पैशाने देशातला गोळ्या-चॉकलेटांचा धंदा बुडवला. पूर्वी सुटे नसले की दुकानदार हातावर एक गोळी टेकवायचा, आपण त्याच्याकडे रागाने बघायचो, तो आपल्याकडे बघायचा. ओळख व्हायची. आता दोघंही आपापल्या फोनकडे बघतात.

रिक्षावाल्याला अंबरपेठ सांगितलं.

"बैठो साब. पन गल्ली में अंदर नक्को. बाजार है, फंस जाते."

"फोनवर पैसे चालतील ना?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि सीटच्या मागे चिकटवलेल्या चौकोनाकडे अंगठा केला. "चिल्लर दिए तो मैं क्या करूं साब, अचार डालूं?"

मी विजयी मुद्रेने ताईच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. दार उघडताच ताई म्हणाली, "हौ, आलास का? मला वाटलं, या वर्षीपण फुलांचं चित्रच येईल."

जेवायला बगारा भात (खड्या मसाल्यांच्या फोडणीचा), आंबट दाळ आणि चकल्या. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. सरकारी कचेरीत जन्म काढल्यामुळे ते कुठल्याही प्रश्नावर आधी विचार करतात आणि मग झोपतात. त्या दिवशीही तसंच झालं.

संध्याकाळी पाट मांडला. मी रेशमी झब्बा घालून बसलो. ताईने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. मी ऐटीत फोन काढला.

"तुझा नंबर तोच ना गं?"

ताई ताट धरून उभीच. "ताटात टाक."

"अगं, आत्ता येतील बघ तुझ्या फोनवर."

"मी काय फोनला ओवाळलंय? चार वर्षं तू टुंग करून पाठवतोस, आणि मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात ना, तशी. त्यानेपण ताटात काही टाकलं नाही, पण निदान तो स्वतः यायचा." तिने ताट माझ्या नाकासमोर आणलं. "आज ताटात वाजलं, तर तू माझा भाऊ. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मला चंद्रच बरा. आणि वाजेपर्यंत मी हे ताट खाली ठेवणार नाही."

ताई बोलली की बोलली. तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं, आणि निरांजनात तूप थोडंच होतं. भाऊजींचं पाकीट उघडलं : बसचा पास आणि दातांच्या डॉक्टरांचं कार्ड. शेजारी हात जोडून म्हणाले, "हम भी फोनवालेच हैं." मी अनवाणी कोपऱ्यावरच्या एटीएमपर्यंत धावलो. तिथला रखवालदार खुर्चीतून न उठता म्हणाला, "खाली है साब. त्योहार है, मालूम नै?"

धापा टाकत परत आलो, तर भाऊजी विचार करून जागे झाले होते.

"वाजायलाच हवं ना? यादगिरीकडे वाजणारा डबा आहे!"

यादगिरी म्हणजे खालचा किराणावाला. देहाने कपाटाएवढा. पैसे आले की मोठ्याने पुकारणारा दुकानातला डबा घेऊन तो वर आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि अदबीने डबा ताटात ठेवला, सुपारी आणि निरांजनाच्या मध्ये. मी त्यावरचा चौकोन टिपला. फोनवर गोल चकली फिरू लागली. फिरतेय, फिरतेय. ज्योत बारीक होतेय. आणि डब्यातली बाई खणखणीत तेलुगूत गरजली! आम्ही टाळ्या वाजवल्या.

यादगिरी मात्र कसनुसा झाला. "टीचरम्मा, पैसे तो मेरे खाते में आए."

माझ्या बहिणीची ओवाळणी किराणा दुकानाला गेली होती.

"अब्बी आपके फोन पे भेजतूं..."

"फोन नक्को!" ताई कडाडली.

यादगिरी खाली पळाला आणि गल्ल्यातून ओंजळभर नोटा-नाणी घेऊन आला. दुकानात डबा असतो तसा गल्लाही असतो, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं! त्याने ओंजळ ताटात रिकामी केली. खळ्‌कन आवाज झाला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावून त्यालाच ओवाळायला लागली.

"ताई! मी इथे आहे!"

"ताटात कुणी टाकलं?"

तेवढ्यात मला दिसलं, एक नाणं ताटावरून उडून दिवाणाखाली गेलं होतं. मी पाटावरून थेट जमिनीवर पालथा पडलो. रेशमी झब्बा, दिवाणाखालची धूळ, कुणाची तरी जुनी चप्पल. "थोडा लेफ्ट में, साब," नवा भाऊ मार्गदर्शन करत होता. नाणं हाती लागलं. यादगिरीने हसून मान डोलावली. जळमटं लागलेल्या डोक्याने मी उभा राहिलो आणि ते ताटात टाकलं.

टण्!

परतीच्या गाडीत चहावाल्याला मी मुद्दाम नाणं दिलं. भाऊजींनी ताईच्या नकळत ताटातलेच मूठभर सुटे माझ्या खिशात कोंबले होते. चहावाल्याने नाणं उलटसुलट करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मीही त्याच्याकडे पाहिलं. फोनच्या पैशाशी माझं वैर नाही, पाकिटाला मात्र पुन्हा नोकरीवर घेतलंय. त्या डब्यातली बाई काय गरजली, ते मला अजून कळलेलं नाही. ते नाणं वाजल्यावर समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत येतील एवढ्या मोठ्याने ताई जे ओरडली, ते मात्र अजून कानात आहे :

"अहो, गच्चीवर जा आणि त्या चंद्राला सांगा, यंदा तुला सुट्टी!"