पुढच्या गुरुवारी सुरू झालेला प्रोग्राम

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याची कॉम्प्युटरं मी सांभाळते. शेठ मूळचे राजस्थानी, पण आजोबांपासून इथलेच. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर केळीचे भाव पाठवणारा प्रोग्राम त्यांच्या लिनक्स मशीनवर चालतो. गेल्या हिवाळ्यात तो सारखा बंद पडून परत सुरू व्हायला लागला. कुणाला एकच भाव चारदा, कुणाला काहीच नाही. शेतकरी फोन करकरून शेठना हैराण करू लागले, तशी मी धुळ्याहून बस पकडली.

चालू प्रोग्राम आणि ते कधी सुरू झाले हे दाखवणारी यादी काढली. शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले.

“ताई, हा तर पुढच्या गुरुवारी सुरू झालाय म्हणे.”

“दिसतंय तसंच.”

“मग आज सकाळी भाव कुणी पाठवले?”

मला हसू आवरेना. पण बंद का पडतो, ते तिथंच कळलं. देखरेखीची एक छोटी स्क्रिप्ट होती. असली अचाट वेळ दिसली की प्रोग्राम बिघडला असं समजून ती त्याला बंद करायची आणि नव्यानं सुरू करायची.

वेळ चुकते कुठे, ते मात्र उमगेना. घड्याळ बरोबर, तारीख बरोबर. प्रोग्राम हातानं सुरू केला, तरी गुरुवारच. शेवटी हेच काम करणाऱ्या जळगावच्या मैत्रिणीला फोन लावला. ती माहेरची शिरपूरची. माझ्याशी बोलताना अहिराणीवर घसरते.

“घड्याळ तर बठ्ठं बराबर शे ना? मग कंटेनरच्या आतून बघतेस की बाहेरून?”

कंटेनर म्हणजे त्याच मशीनमध्ये वेगळा करून दिलेला कप्पा. प्रोग्राम त्यात चालतो. मी आतून बघत होते. बाहेरून बघितलं, तर वेळ आजचीच, अगदी बरोबर.

मग उलगडलं. प्रोग्राम कधी सुरू झाला, हे मोजलं जात होतं मूळ मशीन चालू झाल्यापासून. ते मोजमाप आतली यादी जोडत होती कंटेनर चालू झाल्याच्या तारखेला. मशीन चालू होऊन आठवडा झाल्यावर कुणीतरी नुसता कंटेनर बंद-चालू केला होता. तोच आठवडा जास्तीचा धरला जात होता.

“कुणी केलं?” मी विचारलं.

शेठनी हळूच हात वर केला. “अडकलं होतं. तुम्ही दाखवलेलं बटन दाबलं.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी देखरेखीची स्क्रिप्ट कंटेनरमधून काढून मूळ मशीनवर हलवली आणि आम्ही चहा घेत वाट बघत बसलो. प्रोग्राम काही बंद पडला नाही. संध्याकाळचे भाव प्रत्येकाला एकदाच गेले. शेठाणींनी भरीत-पुरी वाढली होती, त्यामुळे माझी धुळ्याची बस मात्र चुकली.