मायला रडायचं राहून गेलं

"तुला काय झालं रे रडायला? तुझी माय मेली का?"

भर अंगणात, धा माणसांपुढं मला असं इचारलं. इचारणारा आमच्या पाटलाच्या बहिणीचा सासरा. गाव अंबडच्या अलीकडं. मी त्याच्या उंबऱ्यापासून पंधरा पावलं लांब उभा. पायात काही न्हाई. चैताचं ऊन.

मी म्हणलो, "व्हय जी. सकाळीच मेली."

त्याला लाज वाटंल असं मला वाटलं. तो चिडला. म्हणला, "मंग तिकडं जाऊन रड. आमच्या दारात तुझं मयत आणू नको."

आता पहिल्यापासून सांगतो. आम्ही महार. गावात मोठ्या घरी मयत झालं की सोयऱ्याधायऱ्यांना गावोगाव पायी जाऊन निरोप द्यायचा. त्याला सांगावा म्हणत. त्या साली पाळी आमच्या घराची व्हती. राज्य निजामाचं, पर आमच्यापुरतं पाटलाचंच. त्या दिवशी पहाटं माझी माय गेली. चार दिवसाचा ताप. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. तिच्या आंघोळीचं पाणी तापलं न्हवतं तवर पाटलाचा गडी दारात आला. पाटलाची चुलती बी त्याच पहाटं गेल्ती. बहिणीला जल्दी सांगावा पाहिजे, ती आल्याबिगर प्रेत उचलायचं न्हाई.

मी गेलो, हात जोडले. म्हणलो, मालक, मायला माती देतो अन् तसाच पळत निघतो. न्हाई तर दुसऱ्या कोणाला धाडा. पाटील दात घासत व्हता. चूळ भरून म्हणला, "तुझी माय काय उठून पळून चालली का? आधी सांगावा."

वस्तीतली म्हातारी माणसं म्हणली, जाय बाबा, पाटलाशी वाकडं घेऊन भागत न्हाई, मायचं आम्ही बघतो. अन् मी गेलो. हे मला अजून खातं. पाटलानं धाडलं हे खरं, पर पाय माझेच व्हते.

सांगाव्याचा एक रिवाज व्हता. सांगणाऱ्यानं रडायचं न्हाई. लांब उभं राहायचं, अमकं माणूस गेलं एवढंच बोलायचं. मंग ते घर रडायला लागलं की मान खाली घालून भाकरीची वाट बघायची. सात कोस मी दात आवळून चाललो. दारात उभा राहून बराबर सांगितलं, चुलती गेल्या. पाटलाची बहीण धावत आली अन् अंगणात लोळून रडली. चार बायांनी तिला धरलं, पाणी पाजलं. म्हणत व्हत्या, रड बाई, मोकळी हो. ते ऐकलं अन् माझ्या तोंडातून आवाज फुटला. तवाच सासऱ्यानं ते इचारलं.

मी रडणं गिळलं. त्यांची भाकर बी घेतली, फडक्यात बांधली. नको म्हणायची ताकद न्हवती. परत आलो तवर दिवे लागले व्हते. मायला पुरून लोक घरी आल्ते. माझ्या हातचं एक ढेकूळ तिच्यावर पडलं न्हाई. मी त्या मातीपाशी जाऊन बसलो. रडू येईना. बिलकुल येईना. डोळे नुसते जळत व्हते.

त्यानंतर मी माणूस न्हवतो. घास नरड्यात अडकायचा. छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. लेकरू हसलं तरी माझा हात उठायचा. एकदा बायकोला मारलं, कालवणात मीठ जास्ती म्हणून. मीठ बराबर व्हतं. मार खाऊन ती उठली, पदर सावरला. मंग म्हणली, "तुमच्या आत मायचं मयत तसंच पडून राह्यलंय. ते बाहेर काढा, न्हाई तर आपल्या समद्यांना घेऊन जाईल."

मी म्हणलो, बाप्या माणूस रडत असतो का? ती म्हणली, पाटील चुलतीच्या दहाव्याला रडला, त्याला कोणी काही म्हणलं का? मला लई राग आला. तिचा न्हाई, माझाच.

फाल्गुनात पाटलाचा थोरला भाऊ गेला. माझी पाळी संपायला पंधरा दिवस राह्यले व्हते. हसनाबादला सांगावा न्यायचा म्हणून मला बोलावलं. पाटलाच्या दारापुढं गाव जमलं व्हतं. पाटील रडत व्हता, लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत व्हते. मला बघून म्हणला, निघ जल्दी.

मी निघालो न्हाई. हातातली काठी खाली ठेवली अन् धुळीत बसलो. मायला हाक मारली. एकदाच 'माय' म्हणलो अन् समदं वर आलं. छाती बडवून रडलो. नाक, डोळे, तोंड, सगळीकडून पाणी. कोणी तरी म्हणलं, बघा, गडी किती इमानदार, मालकाच्या भावासाठी कसा रडून राह्यला. तवा मी मान वर केली.

"तुमच्या मयताला न्हाई. माझ्या मायला रडून राह्यलो. तुमचा सांगावा तुम्हीच न्या."

मंग पाटलाच्या गड्यानं माझीच काठी उचलली अन् पाठीवर दोन हाणल्या. मी उठलो न्हाई. रडणं सरल्यावर उठलो, माझ्या मनानं उठलो. पाठ सुजली व्हती अन् छाती हलकी झाल्ती. घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या, एक घास अडकला न्हाई. बायकोला म्हणलो, माझं चुकलं. ती रडली. मी तिला थांबवलं न्हाई.

पाटलानं आमचं खळ्यावरचं धान्य बंद केलं. अमिनाला, निजामाच्या फौजदाराला, सांगून आत टाकतो म्हणला. सांग म्हणलो. मंग वस्ती गोळा केली अन् म्हाताऱ्यांना तोंडावर बोललो. मला जाय म्हणलात, आता पुन्हा कोणाच्या लेकाला म्हणू नका. आपल्या घरात मयत असलं की कोणी हलायचं न्हाई. आधी आपल्या माणसाला माती द्यायची. पोटभर रडायचं, बाप्यांनी बी. तवर त्यांचं प्रेत दारात पडून राह्यलं तर राहू द्या. अन् कोणी बोलवायला आलं तर त्यानं आधी माझ्याशी बोलायचं. मी वस्तीच्या तोंडाशीच बसलेलो असंन.