गैरहजर मुलाची हजेरी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते नांदेडात, शाळा हदगावच्या पलीकडे एका लहान गावात. सकाळी मी एसटी पकडायला निघते त्याच वेळी आमच्या कोपऱ्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि माझी मुलगी तिच्यात चढते. हे आधीच सांगून टाकते. गावातले लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, की बाई, तुमचं लेकरू कुठल्या शाळेत हाय?

तशीच एक पिवळी गाडी त्या गावातही यायला लागली होती. मे महिन्याच्या उन्हात आम्ही दोघे शिक्षक, म्हणजे मुख्याध्यापक आणि मी, पोरं गोळा करायला दारोदार फिरायचो. ज्यांची चार एकर ओलिताची होती ते चहा पाजायचे, सरकारी शाळा कशी टिकली पाहिजे यावर आमच्यापेक्षा चांगलं बोलायचे, आणि जूनमध्ये त्यांची लेकरं टाय लावून चौकात गाडीची वाट बघत उभी असायची. आमच्याकडे उरली ती रोजंदारीवर जाणाऱ्यांची. कुणी वही संपली म्हणून यायचं नाही, कुणी एकुलता एक शर्ट वाळला नाही म्हणून. मी लहानपणी असल्याच शाळेत शिकले, पण माझ्या शेजारी दुकानदाराची मुलगी बसायची आणि तिच्या घरच्या गोष्टीच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले. या पोरांच्या शेजारी बसणाऱ्याकडेही काहीच नव्हतं. कोणी कोणाचं बघून शिकायचं?

एका वर्षी पट इतका घसरला की दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार हे दिसू लागलं. दुसरी शिक्षिका म्हणजे मी. जागा रिकामी होती ती देगलूरच्या बाजूला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलगी लहान. मला झोप लागेना.

त्याच दिवसांत एक गृहस्थ शाळेत आले. हदगावात खताचं दुकान, आमच्या गावात शेत. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले नव्हते, सरळ मुद्द्यावर आले. जिल्ह्यात एक सरकारी निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी राहणं, जेवणं, शिकणं, सगळं फुकट. पाचवीत परीक्षा द्यायची आणि बऱ्याचशा जागा खेड्यातल्या शाळेत तिसरी ते पाचवी शिकलेल्या मुलांना. गृहस्थांचा मुलगा तिसरीपासूनच लातूरला क्लासच्या होस्टेलवर राहून त्या परीक्षेची तयारी करणार होता. पण क्लास म्हणजे शाळा नव्हे, नाव कुठल्यातरी खेड्यातल्या पटावर हवं. नुसतं नाव राहू द्या म्हणाले, पोरगं लागलं तर तुमच्याच शाळेचं नाव होईल. त्यांच्या पाहुण्यांचीही दोन मुलं होती. तीन नावं आली आणि माझं पद वाचलं.

मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, मॅडम, वर्ग तुमचा आहे, तुमची हरकत असेल तर नको. मी हरकत घेतली नाही. हे मी त्यांच्यावर कधीच ढकललेलं नाही आणि आजही ढकलणार नाही.

त्याच वर्गात एक मुलगी होती. बाप हैदराबादला बांधकामावर, सणासुदीला यायचा. आई गावात मजुरीला. ही धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची, तो तिच्या पायाशी झोपायचा. मला एकाच वेळी तीन वर्ग सांभाळावे लागत, म्हणून हजेरीची नावं ती पुकारायची. खणखणीत आवाज. तीन नावांना उत्तर आलं नाही तेव्हा तिने मला विचारलं, हे तिघे कोण आहेत? मी म्हणाले, मामाच्या गावाला गेलेत.

"तिघंबी?" ती म्हणाली.

तिघेही, मी म्हणाले. तिला ते पटलं. बाई खोटं कशाला बोलतील? नंतर हजेरीपट माझ्याकडे यायचा आणि मी त्या तिघांना हजर लावायचे. तीन वर्षं लावली. खिचडीच्या नोंदीतही ते तिघे रोज जेवत होते. केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि त्यांनी पोरांना त्या मुलांबद्दल विचारलं, तेव्हा हिनेच उठून सांगितलं की ते मामाच्या गावाला गेलेत, उद्या येणार आहेत. "उद्या येणार" हे तिने पदरचं जोडलं होतं. शाळेवर तिचा एवढा जीव होता.

ही हुशार होती म्हणजे कशी, ते सांगते. त्या परीक्षेत आकृत्या असतात. कागद असा दुमडला, इथे भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? मला स्वतःला कागद दुमडून बघावा लागायचा. ती नुसती बघायची आणि बोट ठेवायची. एकदाही चुकली नाही. मी माझ्या मुलीचं स्कॉलरशिपच्या परीक्षेचं जुनं गाइड आणलं, त्यातली पेन्सिलने लिहिलेली उत्तरं खोडली आणि तिला दिलं. परीक्षेत उत्तराचे गोल काळे करायचे असतात, तसली उत्तरपत्रिका तिने कधी पाहिली नव्हती. मी पाठकोऱ्या कागदांवर गोल काढायचे. ती प्रत्येक गोल रांगोळी भरावी तसा सावकाश, कडेला जराही न सांडता भरायची आणि मी तिच्या मागे उभी राहून घाई कर, घाई कर म्हणायचे.

पाचवीच्या वर्षी दिवाळीनंतर कापूस फुटला आणि आईने तिला वेचणीला नेलं. एकटीच्या मजुरीत घर भागत नव्हतं. बारा दिवस. मी शेतात जाऊन आईशी वाद घातला, हात जोडले. तेराव्या दिवशी ती आली तेव्हा बोटं बोंडांनी ओरखडलेली, पेन धरवत नव्हता. त्या बारा दिवसांची गैरहजेरी मी इमानदारीने लावली. माझा प्रामाणिकपणा तिच्याच वाट्याला आला.

परीक्षेला मी तिला एसटीने हदगावला नेलं. तो मुलगा लातूरहून गाडीतून आला, हातात घड्याळ, सोबत क्लासचे सर. एकाच शाळेची म्हणून या दोघांचे नंबर पाठोपाठ होते, पाहुण्यांची दोन मुलं दुसऱ्या खोलीत होती. बाहेर आल्यावर तिने सगळ्यात आधी मला सांगितलं की आपल्या शाळेचा तो मामाकडचा मुलगा तिच्या पुढेच बसला होता, हजेरीला नाव पुकारलं तेव्हा तिला कळलं. तिने त्याला ओळख दिली, पण त्याने काही ओळखलं नाही. पेपर कसा गेला? सगळा सोडवला, म्हणाली, गोल मात्र घाईत भरले.

निकाल माझ्या मोबाइलवर आला. पाहुण्यांची मुलं लागली नव्हती. तालुक्याच्या ग्रामीण यादीत शेवटचं नाव त्या मुलाचं होतं. त्याखाली प्रतीक्षा यादी सुरू होत होती आणि तिच्यात पहिलं नाव हिचं. मी ते कितीदा वाचलं असेल. लातूरच्या क्लासमध्ये तीन वर्षं घासलेला मुलगा आणि पाठकोऱ्या कागदावर गोल भरलेली ही, मध्ये एका नावाचं अंतर. ते नाव मीच तिथे ठेवलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

तिला यादी दाखवली तर ती आधी त्याच्याच नावावर थांबली.

"बाई, आपल्या शाळंचा एक लागला की," ती म्हणाली आणि वर्गात पळत जाऊन पोरांना सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर हापशाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

मुलाचे वडील पेढे आणि माझ्यासाठी शाल घेऊन आले. दाखला नेला. त्या रात्री मी तक्रारीचा अर्ज लिहिला, सगळं खरं लिहिलं. सकाळी तो मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला. आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. मला त्यांचा राग यावा असं काहीच ते बोलले नाहीत.

"मॅडम, हजेरीवर अक्षर कुणाचं आहे?" एवढंच म्हणाले.

नोकरी जाईल, चौकशी लागेल, पटावरची नावं गेली की शाळाही जाईल, हे सगळं मी स्वतःला समजावलं. शाळा गेली तर बाकीची पोरं कुठे जातील, असंही समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. अर्ज मी घडी करून पर्समध्ये ठेवला. मग प्रतीक्षा यादी हलते का, याची वाट बघत बसले. कुणी घाबरून शाळा सोडेल, कुणाला घरची आठवण येईल, म्हणून जुलैभर त्या निवासी शाळेत फोन करत राहिले. दुसऱ्याचं लेकरू रडत घरी परत यावं म्हणून मी देवापुढे हात जोडले. यादी हलली नाही. ऑगस्टमध्ये ती बंद झाली.

आमची शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून सहावीला तिचं नाव शेजारच्या गावच्या शाळेत घातलं. चालत तासभराची वाट, मध्ये ओढा. दिवाळीपर्यंत गेली. मग कापूस आला, मग हरभरा, मग आईच कंबर धरून बसली आणि घर हिच्या अंगावर पडलं. तिथल्या गुरुजींना मी फोन केला तर म्हणाले, नाव आहे की पटावर, काळजी करू नका. काळजी करू नका! मी फोन ठेवला.

पुढच्या जूनमध्ये तिची आई शाळेत आली. कडेवरचा तो धाकटा आता सहा वर्षांचा झाला होता, त्याला पहिलीत घालायचं होतं. मी फॉर्म भरला, तिने अंगठा दिला. काम झालं तरी ती उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाई, खरं सांगा. पोरगी कशात कमी पडली?"

अर्ज अजून माझ्या पर्समध्ये होता. पर्स टेबलावर होती. मी म्हणाले, थोडक्यात हुकलं.

"म्या नेलं तिला कापसाला," ती म्हणाली. "ते बारा दिस नडले बगा. मला रातीला सारखं तेच आठवतंय. तुमी हात जोडलते, म्या आयकलं न्हाई. लेकराचं म्याच वाटोळं केलं."

मला नाही म्हणायचं होतं. एवढा एक शब्द उच्चारला असता तरी तिला पुढे विचारावं लागलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं. मी टेबलावरचे कागद नीट केले.

तिने मुलाला माझ्यासमोर उभं केलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली की आता काहीही होवो, उपाशी राहू, पण याला एक दिवसही घरी ठेवणार नाही. बरोबर आहे ना बाई, असं तिने विचारलं.

मी मान डोलावली.