दोन साडू, दोन धावपट्ट्या

आम्हा दोघी बहिणींना नवरे मिळाले ते एकाच कामाचे. आमचे हे एका बागायतदाराच्या खासगी धावपट्टीचे राखणदार, आणि टेकडीपलीकडे धाकटीचा नवरा एका गिरणीमालकाच्या धावपट्टीचा. लोकांना याची गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही. आमची पट्टी गवताची, तिची डांबरी. आमच्याकडे मालकाचं दोन माणसांचं एकुलतं एक विमान, तिच्याकडे महिन्याला चार-पाच पाहुणे वैमानिक. विमानाच्या पंखाला टेकून उभ्या असलेल्या धाकटीचा एक फोटो तिच्या भिंतीवर आहे. तो बघितला की अजूनही माझ्या पोटात दुखतं.

आमचे हे काम करायचे ते मात्र जिवापाड. रोज सकाळी चपला हातात घेऊन सगळी पट्टी अनवाणी चालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. "डोळ्याला चुकलेला खडा पायाला सापडतो," म्हणायचे. खडे वेचायचे, उंदरांची बिळं बुजवायचे, कडेच्या दगडांना चुना लावायचे. वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी फाटली की मी मशीनवर नवी शिवून द्यायची. साडू मोटारसायकलवरून एक फेरी मारून मोकळा. "साडूभाऊ, तुमच्या पायांना डोळे फुटलेत का?" असं त्यानं एकदा चारचौघांत विचारलं. हे हसले, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत.

एकदा एक अनोळखी विमान आमच्या पट्टीवर उतरलं. हे धावत गेले, मी चहा टाकला. वैमानिकानं विचारलं, "ती डांबरी पट्टी कुठेय?" ह्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं. चहा आम्हीच प्यायलो.

पुढे मोठा रस्ता झाला. मालकाची मुलं गाडीनं येऊ लागली, विमान विकलं गेलं आणि निरोप आला: पट्टी बंद, दोन्ही टोकांना चुन्याची मोठी फुली मारा, म्हणजे वरून बघून कुणी उतरणार नाही. हे हो म्हणाले आणि मारली नाही. आज काय तर चुना बरा नाही, उद्या काय तर वारा आहे. शेवटी एकदा खरं बोलले. "साडूची चालू आहे. तोवर माझ्या पट्टीवर फुली नाही."

मी तरी काय कमी होते? धाकटीचा फोन आला की ती म्हणायची, "आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही गं, कालच तीन उतरली." मग मीही ठोकून द्यायची, "आमच्याकडे परवा दोन होती." सहा महिने मी नुसती फोनवरून विमानं उतरवत होते.

एक दिवस गवत कापायचं मशीन बिघडलं, म्हणून साडूचं मागायला आम्ही न कळवताच गेलो. खरं तर मला ती तीन विमानं बघायची होती. शेड रिकामी होती. मोटारसायकल भिंतीशी गंजून पडली होती. आणि पट्टीवर साडू चालत होता, अनवाणी, चपला हातात, वाकून खडे वेचत.

हे बघतच राहिले. "विमान यायचंय का?"

"वर्ष झालं, एकही नाही," साडू म्हणाला. "फुली मारायला सांगितलीय. पण तुमच्याकडे येतायत ना अजून, ही सांगते. म्हटलं, तुमच्याआधी मी कशाला मारू? पट्टी तयार असलेली बरी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागून आलेल्या धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"आमच्याकडेही नाहीत," हे म्हणाले.

तरी आधी कुणी मारायची यावरून दोघांची जुंपलीच. शेवटी ठरलं, रविवारी, आपापल्या पट्टीवर, बरोबर नऊ वाजता.

रविवारी मी फोन कानाला लावून दारात उभी होते. पलीकडे धाकटी.

"झाली?"

"तुमची?"

"तुमची झाली की."

शेवटी दोन्हीकडच्या फुल्या एकदमच झाल्या. माझ्याकडे नाही असं तिच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. आयुष्यभर मला हेच हवं होतं. पण बरं वाटलं नाही, रडू आलं.

सोमवारी सकाळी हे सवयीनं उठून पट्टीवर गेले. मी खिडकीतून बघत होते. फुलीपाशी क्षणभर थांबले आणि तिच्यावरून पुढे चालू लागले. चपला पायातच होत्या.