समोरच्या दुकानाचं नाव

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती माझ्या बॅगेची चेन बदलत होती. हात चेनीवर आणि डोळे रस्त्यापलीकडच्या दुकानावर. टाका मात्र एकही वाकडा नाही. पलीकडे तिची सख्खी बहीण बसते आणि तिचंही दुकान बॅगदुरुस्तीचंच. दोघी वडिलांच्या हाताखाली शिकल्या. वडील गेल्यावर एकाची दोन दुकानं झाली, आणि बाजारात हिला थोरली बॅगवाली, तिला धाकटी बॅगवाली म्हणू लागले.

"बघा बाई, आणखी एक गेला तिकडे," ती म्हणाली. "डिंक लावून चिकटवते हो नुसतं!"

तिचं खरं दुखणं फोनमध्ये होतं. कुणीही इंटरनेटवर बॅगदुरुस्ती शोधली की धाकटीचं पान सगळ्यांत वर. थोरलीचंही पान होतं, नवऱ्याने हौसेने केलेलं, पण ते कुठेतरी तळाशी. शोधलं की प्रत्येक पानाचं शीर्षक तेवढं ठळक दिसतं. धाकटीचं होतं, 'बॅगेची चेन, चाकं, हँडल दुरुस्ती'. थोरलीचं, 'आपलं स्वागत आहे'.

"अगं, स्वागत कोण शोधतं?" मी म्हणाले. "लोक जे विचारत येतात ते लिही."

"ते तिने लिहिलंय. मी काय तिची नक्कल करू?"

"नको करूस," नवरा आतून म्हणाला. "आपण स्वागत करत बसू. गिऱ्हाईक जाऊ दे समोर."

हे तिला झोंबलं. तिने स्वतःच नवं शीर्षक लिहिलं: 'बॅगेची मजबूत शिलाई, धाकटी बॅगवालीपेक्षा कितीतरी सरस, थोरली बॅगवाली'. पण एवढं लांब शीर्षक फोनवर मावत नाही, पुढचं कापलं जातं. लोकांना दिसलं ते 'बॅगेची मजबूत शिलाई, धाकटी बॅगवाली' आणि पुढे टिंबं. खाली नंबर थोरलीचा.

ऐन सुट्ट्यांचा हंगाम. फोन वाजायचा, "धाकटी बॅगवाली ना?" आणि ही ओरडायची, "समोर!" एक गृहस्थ तर दुकानात येऊन म्हणाले, "धाकट्या ताई तुम्हीच ना?"

"केस पांढरे झाले माझे, दिसत नाहीत?"

शेवटी धाकटीच रस्ता ओलांडून आली. हातात चामड्याची जुनी बॅग.

"ताई, माझं नाव एवढं आवडतं तर पाटीवरही लाव की."

"माझी गिऱ्हाइकं पळवतेस आणि वर तोंड करून बोलतेस?"

"पळवते कुठे? तूच पाठवतेस." तिने बॅग पुढे सरकवली. "हे घे. चामडं मला शिवता येत नाही. बाबांनी ते तुला शिकवलं, मला चेनींवर बसवलं. जळणारी तू एकटीच आहेस असं वाटतं का तुला?"

थोरलीने बॅग हातात घेतली. बॅग उलटीपालटी करून तिने कडेवर नख फिरवलं.

"इथे डिंक लावलास?"

"लावला. नाही टिकला."

इतकी समाधानी मी तिला कधी पाहिली नव्हती. त्याच संध्याकाळी तिने शीर्षक बदललं: 'चामड्याची बॅग हाताने शिवून मिळेल'. मला दाखवून म्हणाली, "यात तिचं काही नाही ना, बाई?"

"नाही गं."

आता तिच्याकडे चामड्याचंच काम येतं, तेही लांबलांबून. चेनीचं गिऱ्हाईक आलं तर ती त्याला समोरचं दुकान दाखवते. बहिणीचं नाव घेत नाही, नुसतं बोट करते.