अधिक महिन्यात जळक्या मोटरी मागणारे जावई

आमच्या जावयासारखा जावई अख्ख्या भिवंडीत कुणाला मिळाला नसेल, आणि मिळाला असता तर दुसऱ्या दिवशी परत धाडला असता. ते कॉलेजात विजेचे प्रोफेसर. लग्नाला गेले की हे मंडपामागं जनरेटरपाशी. अक्षता तिथूनच टाकायचे, निम्म्या जनरेटरवर पडायच्या. माझी पोरगी म्हणते, "बाबा, ह्यांना जेवायला बोलवायचं तर मिक्सर बिघडलाय असं सांगावं लागतं."

मी चौथी शिकलेला, पण पॉवरलूमची शेड स्वतःच्या हिमतीवर उभी केली. कुणाचं ऐकायची सवय नाही. एका वर्षी मोटरी पटापट जळायला लागल्या. मानकोलीचा एक व्यापारी शेड गोदामासाठी मागत होता, आणि पोरगा 'विकून टाका' म्हणून मागं लागलेला. त्यातच अधिक महिना आला. जावयाला चांदीचं ताट द्यायचं ठरवलं, तर हे म्हणाले, "मामा, ताट नको. जळलेल्या मोटरी द्या."

भावकी हसली. "जावयाला भंगार वाढलं!" तरी अनारशांच्या डब्यासोबत मोटरी टेम्पोत घालून पाठवल्या. त्या खोलून बघितल्यावर हे कॉलेजची पोरं घेऊन आले, कानात कापूस घालून दिवसभर मीटर लावत फिरले आणि शेवटी कामगारांच्या खोल्यांपाशी थांबले. वायर वाचावी म्हणून सगळ्या खोल्या मी एकाच फेजवर टाकल्या होत्या.

"तीन फेज मिळून मोटर ओढतात, मामा. एकीला तुम्ही दमवलंत, म्हणून मोटर तापते."

"पहिल्यापासून असंच हाय. तवा न्हाय जळल्या!"

"तेव्हा खोलीत एक बल्ब होता. आता कूलर आहेत."

"सेठ, साब सही बोल रहे हैं," आमचा कारागीर बोलला. त्यालाही मी झापलं.

पण खोल्या तिन्ही फेजवर वाटून दिल्या. मोटरी जळायच्या थांबल्या, व्यापारी दुसरी जागा बघायला कशेळीला गेला. जावयांनी त्यावर लेख लिहिला, तो परदेशात छापला. पुढं दरवर्षी नव्या पोरांना ते माझी चूक शिकवायचे. मी पेढे वाटले.

आता ते रिटायर झालेत. घरी झोप लागत नाही म्हणतात. दुपारी शेडमध्ये येतात आणि एवढ्या खडखडाटात बाकड्यावर गाढ झोपतात. सासऱ्यानं जावयाचे आभार मानायची आमच्यात रीत नाही. मी पोराला एवढंच सांगितलंय, "माझ्यामागं शेड इकायची तर ईक. पण ह्यांची झोप हाय तवर थांब."